नळाची भीती, कूलरचं धाडस

मलकापुरात होळी झाली की माळ्यावरचे, गच्चीवरचे पत्र्याचे कूलर खाली उतरतात. ताट्यांमधलं गेल्या वर्षीचं गवत झडलेलं असतं, टाकीचा तळ गंजलेला असतो, पंप अडकलेला असतो. बहुतेक घरांत ही दुरुस्ती घरचंच कुणीतरी करतं. त्यासाठी मिस्तरी बोलवावा असं कुणाच्या मनातही येत नाही. त्याच घरातला नळ मात्र महिनोन्‌महिने ठिबकत राहतो, कारण ते ‘प्लंबरचं काम’.

हा उलटा हिशेब मला अनेक वर्षं खटकतो आहे. वीज आणि पाणी एकत्र येतात असं जिवावरचं काम आपण बिनधास्त करतो आणि साधा वायसर बदलायला घाबरतो. घरची कामं घरच्यांनी करावीत असंच माझं ठाम मत आहे. त्यात पैसा वाचतो, शिवाय आपलं घर आपल्याला कळू लागतं. मात्र कोणतं काम सोपं आणि कोणतं धोक्याचं, याबद्दलच्या आपल्या बऱ्याच समजुती चुकीच्या आहेत.

‘बटण बंद केलं की कूलर सुरक्षित’

बटण एकच तार तोडतं. वायरिंग करताना फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली असेल, तर बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज मोटरपर्यंत तशीच पोचलेली राहते. पंखा थांबलेला दिसतो, म्हणून आपण निर्धास्तपणे टाकीत हात घालतो. त्यामुळे पाणी भरण्याआधी किंवा ताटी काढण्याआधी बटणावर विसंबू नये, प्लगच बोर्डातून काढून ठेवावा. महावितरण दर उन्हाळ्यात हेच सांगत असतं, आणि तरीही विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. त्यांत लहान मुलंही असतात.

याचं मूळ बहुतेक वेळा तिसऱ्या तारेत सापडतं. कूलरच्या वायरीतली हिरवी तार पत्र्याच्या सांगाड्याला जोडलेली असते. बोर्डात अर्थिंग नाही म्हणून किंवा तीन पिनांचा प्लग बसत नाही म्हणून ती कापून टाकली जाते. कूलर तेवढ्याच जोरात चालतो, त्यामुळे ती बिनकामाची होती असं वाटतं. पण पंपाची वायर सतत पाण्यात असते. तिचं आवरण कधीतरी चिरतं, उंदीर कुरतडतात, आणि मग २३० व्होल्ट थेट पत्र्यावर येतात. अर्थिंग असेल तर तो प्रवाह हिरव्या तारेवाटे जमिनीत जातो आणि एमसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर पत्रा तसाच भारलेला राहतो, कुणाचा तरी ओला हात लागेपर्यंत.

‘एमसीबी आहे ना, मग माणसाला काय होणार?’

एमसीबी माणसासाठी नसतोच. तारा जास्त तापून आग लागू नये म्हणून तो असतो. ६ अँपिअरचा एमसीबी ६ अँपिअरच्या वर प्रवाह गेल्याशिवाय पडत नाही. माणसाच्या हातातून १० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला तरी स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. माणसाला वाचवणारं उपकरण वेगळं आहे: आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो की नाही, हे ते सतत पाहतं. घरासाठीचं आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की पुरवठा तोडतं. ६ अँपिअर हा त्याच्या २०० पट आकडा आहे. कूलर, गीझर किंवा विहिरीवरची मोटर असलेल्या घरात नवी पुट्टी आणि रंग करण्याआधी वायरमनकडून आरसीसीबी बसवून घ्यावं. त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते अधूनमधून दाबून पाहणं हे घरातल्या कुणालाही जमेल असं काम आहे.

रबरी चप्पल घातली की शॉक बसत नाही, हीसुद्धा फसवी समजूत. ओल्या चपलेचा काही भरवसा नाही. शिवाय एक हात कूलरला आणि दुसरा खिडकीच्या गजाला लागला, तर पायात काय आहे याला अर्थच उरत नाही. टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही, हेही तसंच. आतला दिवाच गेलेला असू शकतो. टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटमध्ये पेटतो का ते पाहावं आणि मगच त्याच्यावर विश्वास ठेवावा.

विजेचं कोणतं काम आपण करावं, याचं उत्तर कायद्यातच आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून चालत आलेली तरतूद अशी की दिवे, पंखे, फ्यूज, बटणं, घरगुती उपकरणं बदलायला परवानाधारक कंत्राटदार लागत नाही. वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप मात्र त्याने बदलता कामा नये. म्हणजे मेन स्विच पाडून बिघडलेलं बटण बदला. पण कूलरसाठी नवी लाइन ओढणं, बोर्ड वाढवणं, अर्थिंग करणं हे वायरमनचं काम. जळलेल्या फ्यूजमध्ये जाड तार भरणं तर कुणाचंच काम नाही. तसं केलं की फ्यूज वितळायच्या आधी भिंतीतली वायर तापते.

‘टाकीत बर्फ टाकला की हवा जास्त गार’

हवा गार होते ती पाण्याची वाफ होताना. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतून सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. एक किलो बर्फ वितळताना फक्त ३३४. म्हणून खर्च करायचाच असेल तर ताट्यांवर करावा. गवत किंवा खस नवं असावं, सगळीकडे सारखं पसरलेलं असावं, वरच्या पन्हाळीची भोकं मोकळी असावीत. ताटीवर कोरडा पट्टा दिसला तर तिथून गरम हवा तशीच आत येते आहे असं समजावं.

मे महिन्यात दुपारी पारा ४३ अंशांवर आणि हवेतली आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर ओल्या ताटीतून हवा जास्तीत जास्त २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकते. घरच्या कूलरची हवा त्याच्या चार-पाच अंश वर असते. एवढं मिळायला समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं. सगळं बंद ठेवलं की दमट हवा खोलीतच कोंडते आणि वाफ होणंच मंदावतं. श्रावणात कूलर ‘काम करत नाही’ त्यामागचं कारणही तेच.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा इथून लांब नाही आणि बऱ्याच बोअरचं पाणी क्षारांचं आहे. वाफ पाण्याची होते, क्षार ताटीत आणि टाकीत साठत जातात. त्यामुळे टाकीत नुसती भर न घालता आठवड्यातून एकदा ती पूर्ण रिकामी करून कडा ब्रशने घासाव्यात. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेलगत, टाकीच्या भिंतीवर अंडी चिकटवतो, आणि ती कोरडी राहूनही काही महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.

नळाचं थोडक्यात. ठिबकणारा जुना आट्यांचा नळ सहसा बदलावा लागत नाही, आतला वायसर झिजलेला असतो. मेन कॉक बंद करून पान्याने वरचा भाग खोलला की तो हाताला लागतो. अर्ध्या फेरीत उघडणाऱ्या नळात वायसरऐवजी कार्ट्रिज असतं. ते सोबत नेऊन त्याच मापाचं आणावं. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर पाणी. जिथे नळाच्या पाण्याची वाट पाहावी लागते, तिथे हे फुकट जाऊ देऊ नये. या कामात चूक झाली तर फार तर फरशी ओली होते.

‘स्लॅब टाकला की छताची काळजी मिटली’

धाब्याच्या घरात राहणाऱ्यांना छताची काळजी ठाऊक होती. मृगाच्या आधी घरातली माणसं धाब्यावर चढायची, भेगा बुजवायची, पांढरी खारवट माती पसरून ठोकायची. या मातीचे कण पाण्यात सुटे होतात आणि छिद्रं बुजवून टाकतात, म्हणून ती पाणी आत जाऊ देत नाही. धाब्याच्या जागी स्लॅब आला आणि वर चढणंच थांबलं. खरं तर स्लॅबलाही दर उन्हाळ्यात तासभर द्यावा लागतो. पन्हाळ्यांची तोंडं मोकळी करावीत, पाणी कुठे साचतं ते खडूने आखून ठेवावं, स्लॅब आणि कठडा मिळतो त्या सांध्यातली गोलाई फुटली आहे का ते पाहावं. गळती बहुधा तिथूनच असते.

गळतंय म्हणून आतून प्लास्टर करणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. पाणी वरूनच थांबवावं लागतं. आतून झाकलं तर ते सळीपर्यंत पोचतच राहतं, सळी गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेत असल्याने काँक्रीट फोडून बाहेर येतो. छताचे पोपडे पडून सळी उघडी दिसू लागली असेल, तर तिथे घरच्या कामाची हद्द संपते.

भिंतीच्या पायथ्याशी लागणाऱ्या लोण्यावरही आपण असंच जाड सिमेंट चढवतो. ओल जमिनीतून वर चढते आणि सोबत क्षार आणते. पाणी उडून गेलं की क्षारांचे खडे बनतात आणि प्लास्टर आतून ढकलतात. सिमेंटने भिंतीचं तोंड बंद केलं की ओल आणखी वर जाते आणि लोणा हातभर उंचीवर निघतो. मातीच्या भिंतीवर केलेलं सिमेंटचं प्लास्टर पत्र्यासारखं सुटून येतं, त्याचंही कारण हेच. त्याऐवजी खराब प्लास्टर काढून टाकावं, अख्खा उन्हाळा भिंत उघडी वाळू द्यावी, क्षार पाण्याने न धुता कोरड्या ब्रशने झाडावेत आणि मग चुन्याचा गिलावा द्यावा. जोत्याला लागून मातीचा ढीग किंवा न्हाणीघराचं पाणी असेल तर ते आधी हलवावं.

‘सिमेंट जास्त, तर काम पक्कं’

जास्त सिमेंटचं प्लास्टर वाळताना जास्त आकसतं आणि त्यावर जाळीसारख्या भेगा पडतात. एका भागाला चार ते सहा भाग वाळू पुरते. एप्रिल-मेमध्ये मिस्तरीपेक्षा ऊनच जास्त नुकसान करतं, म्हणून भिंत आधी भिजवून काम संध्याकाळी घ्यावं आणि अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवावा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालू नये. काँक्रीटसाठीचं भारतीय मानक ४५६ (२०००) सांगतं, की उष्ण आणि कोरड्या हवेत निदान १० दिवस पाणी मारावं. तीन दिवसांत पाणी मारणं सोडलेल्या ओट्याला मग सिमेंट कंपनी दोषी नसते. सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असंही तेच मानक सांगतं. बोअरचं पाणी खारट लागत असेल तर ते तपासून घ्यावं किंवा गोडं पाणी आणावं.

‘भेग दिसली की बुजवून टाकावी’

आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर पाया उथळ असेल तर भिंत दरवर्षी हलते. मे महिन्यात उघडलेली भेग भाद्रपदात मिटते, पुढच्या मेमध्ये पुन्हा उघडते. तिच्यात भरलेलं कडक सिमेंट एका उन्हाळ्यात सुटतं. म्हणून आधी भेग ओळखावी. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहावी, रुंदी मोजावी आणि पावसाळ्याआधी व नंतर पुन्हा पाहावं. केसासारखी, वाढत नसलेली भेग खरवडून पुट्टीने भरता येते. वर्षभर उघडमीट करणारी असेल तर लवचीक सीलंट वापरावं. सोबत घराभोवती उताराची फरसबंदी करून छताचं पाणी पायापासून लांब काढावं, म्हणजे पायाखालची माती एवढी भिजत-वाळत नाही. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी तिरपी चढणारी, खांबात किंवा तुळईत दिसणारी, किंवा दारं अडकू लागल्यावर दिसलेली भेग मात्र बुजवू नये. ती तशीच उघडी ठेवून इंजिनिअरला दाखवावी. त्याला कारण शोधायचं असतं, आणि ते पुट्टीखाली झाकलेलं दिसत नाही.