जुन्या पेट्रोल ट्रक-इंजिनातील तेलकट स्पार्क प्लग : कारणे, निदान व उपाय

प्रस्तावना

महाराष्ट्रातील वाचकाला ‘ट्रक’ म्हटले की डिझेलवर चालणारे मालवाहू वाहन आठवते, आणि डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. अमेरिकेत मात्र ‘ट्रक’ या शब्दात पेट्रोलवर चालणारी पिकअप वाहनेही येतात. अशा वाहनांत अनेक दशके वापरले गेलेले एक इंजिन म्हणजे शेव्हरोलेचे ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८. ते १९५५ साली २६५ घन इंच क्षमतेचे म्हणून आले. पुढे १९६७ पासून त्याचे ३५० घन इंच, म्हणजे सुमारे ५.७ लिटर क्षमतेचे रूप प्रचारात आले. वय झालेल्या अशा इंजिनाचा एखादा प्लग वारंवार तेलाने माखतो, तेव्हा दोष नेमका कोठे असतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. हे निदान चुकल्यास काही सील बदलून भागणाऱ्या कामासाठी संपूर्ण इंजिन उघडले जाते, किंवा झिजलेल्या इंजिनात नवे प्लग घालत राहण्यात पैसा व्यर्थ जातो.

प्लग का बंद पडतो?

प्लगच्या टोकाचे तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर त्यावरील काजळी जळून जाते. ते सुमारे ८५० अंशांच्या पुढे गेले तर ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. तेलाचा ओला थर आणि त्यातून उरणारा कार्बन चिनी मातीच्या विद्युतरोधकावर साचला, की विद्युतदाबाला दोन अग्रांमधील फट ओलांडण्यापेक्षा त्या थरावरून निसटणे सोपे जाते. ठिणगी क्षीण होते आणि कारागिरांच्या भाषेत इंजिन ‘मिसिंग’ करू लागते.

टू-स्ट्रोक स्कूटरचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासण्याचा अनुभव एका पिढीतील अनेक प्राध्यापकांनाही असेल. तेथे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असे. प्लग काळा होणे हा त्या रचनेचाच भाग होता. फोर-स्ट्रोक इंजिनात मात्र ज्वलनकक्षात तेलाला स्थान नाही. त्यामुळे येथील तेलकट प्लग हा मूळ दोष नसून दोषाचा साक्षीदार होय. तो पुसून पुन्हा बसविणे म्हणजे साक्षच पुसून टाकणे. कोरडी, मऊ काजळी दिसल्यास कारण बहुधा इंधनाचे जादा प्रमाण हे असते. चकचकीत, ओला, काळा थर तेलाकडे बोट दाखवितो.

तेलाचे मार्ग व निदान

झिजलेल्या पिस्टन रिंगा, झडपांच्या दांड्यांवरील कडक झालेली सील, झिजलेले झडप-मार्गदर्शक आणि तुंबलेली क्रँककेस-वायुवीजन झडप हे नेहमीचे मार्ग. व्ही-८ रचनेत आणखी एक छुपा मार्ग असतो. अंतर्ग्रहण नलिकेचा भाग दोन्ही हेडांच्या मधोमध, तेलाने भिजलेल्या पोकळीवर बसतो. त्याचे गॅस्केट खालच्या कडेला फाटले, तर निर्वातामुळे तेलाचे तुषार थेट सिलिंडरमध्ये ओढले जातात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. यासाठी वायुवीजनाचे सर्व मार्ग बंद करून इंजिन मंद गतीने चालवितात व तेल ओतण्याच्या तोंडाशी मापक लावतात. तेथे निर्वात आढळल्यास या गॅस्केटचा संशय बळावतो.

धूरही उपयुक्त माहिती देतो. रात्रभर उभे राहिलेले वाहन सुरू करताच निळसर धुराचा लोट येऊन थांबला, तर सीलमधून झिरपलेले तेल जळाले असे समजावे. भार घेताना धूर सतत येत राहिल्यास रिंगांकडे लक्ष द्यावे.

यानंतर संपीडन-चाचणी. या इंजिनांबाबत प्रचलित निकष असा, की सर्वांत कमी वाचन सर्वांत अधिक वाचनाच्या ७० टक्क्यांहून कमी नसावे आणि कोणत्याही सिलिंडरचा दाब प्रति चौरस इंच १०० पौंडांखाली नसावा. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजल्यावर दाब वाढला, तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास झडपांची बैठक किंवा हेड गॅस्केट तपासावे. मात्र दाब उत्तम असूनही प्लग तेलकट असू शकतो, कारण झडपेच्या दांड्यालगत झिरपणारे तेल संपीडनात उमटत नाही. अनेकदा चूक येथेच होते.

उपाय

सील बदलण्यासाठी हेड उतरवावेच लागते असे नाही. प्लगच्या छिद्रातून दाबाची हवा भरून, किंवा दोरी आत सोडून पिस्टन हळूच वर आणल्यास झडप खाली पडत नाही. मग स्प्रिंग काढून सील बदलता येते. दोरीचे एक टोक अर्थातच बाहेर ठेवावे. मार्गदर्शकच सैल झाला असेल तर नवे सील फार काळ टिकत नाही व हेड यंत्रशाळेत न्यावेच लागते.

एक पायरी अधिक उष्ण प्लग वापरणे किंवा प्लग मागे सरकविणारा जोड बसविणे, हे तात्पुरते उपाय. दुरुस्ती लांबणीवर टाकणे भाग असलेल्या मालकाला ते काही काळ तारतात; परंतु उष्ण प्लग जड भार ओढताना अकाली ज्वलनास निमंत्रण देतो. शिवाय तेल जळतच राहते, आणि त्यातील फॉस्फरस उत्प्रेरक परिवर्तक असलेल्या वाहनांत त्या परिवर्तकाला हळूहळू निकामी करतो.