उत्तर वाटेत अडलं

सकाळी ६.३०

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात आईचा कुकर लागतो, तेव्हा मी फोन उघडते. रात्रीपाळीच्या मुलाचे चार निरोप आले आहेत. पहिला ११.४० चा, शेवटचा पहाटे ३ चा. चारही निरोप एकच गोष्ट सांगतात: तीन नवी यंत्रं क्लस्टरमध्ये शिरत नाहीत. सुरू होतात, अर्ध्या मिनिटात पडतात.

आमच्याकडे कारखान्यांतल्या यंत्रांच्या नोंदी येतात. तापमान, दाब, कंपनं, दर काही सेकंदांनी. त्या कॅसॅन्ड्रा नावाच्या डेटाबेसमध्ये साठतात. त्याचे सहा सर्व्हर आहेत, म्हणजे सहा नोड; सगळे मिळून एक क्लस्टर. आणि प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती तीन वेगळ्या सर्व्हरवर असतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हापासून तीन प्रती कशासाठी हे ऑफिसात कुणाला समजावावं लागत नाही. आता जागा संपत आलीय, म्हणून सहाचे नऊ करायचे आहेत.

८.४५

स्कूटरवरून रावपुरा, कोठी, काळाघोडा. पुलावर गर्दी असली की नदीकडे नजर जातेच. पुढे सयाजीगंज, मग अलकापुरीतलं ऑफिस. वाटेत डोक्यात एकच विचार चालू असतो, की त्या मुलाने पहाटे तीननंतर आणखी काही करून पाहिलं नसलं म्हणजे झालं. अडलेल्या नोडपेक्षा मला पहाटेच्या प्रयोगांची जास्त भीती वाटते.

९.२०

मुलगा अजून बसलाय. डोळे लाल. "ताई, मी आता शेवटचा उपाय करणार होतो. नव्या मशीनचा स्वतःचाच पत्ता सीडच्या यादीत टाकला की चालू होतं म्हणतात."

"टाकलास?"

"फाइलमध्ये लिहिलाय. सुरू नाही केलं."

मी त्याला आधी चहा प्यायला लावते आणि फाइल मीच दुरुस्त करते. ही चूक मी इतर ठिकाणी झालेली पाहिली आहे आणि तिची भरपाई करायला अनेक दिवस लागतात. सीड म्हणजे गावात नव्याने आलेल्याने चौकशी करायची ओळखीची घरं. जो नोड स्वतःलाच सीड समजतो, तो आपण जुनेच आहोत असं धरून चालतो आणि इतरांकडून डेटा मागून घेत नाही. यादीत तो एकटाच असेल तर एकट्याचं वेगळंच क्लस्टर मांडून बसतो. सोबत जुनी सीडंही असतील तर सामील होतो, आपल्या वाट्याची जबाबदारी घेतो, पण हातात काहीच नसतं. मग कुणी जुनी नोंद मागितली की तो सरळ 'नाही' म्हणतो. स्क्रीनवर सगळं हिरवं आणि आत रिकामं.

बडोद्याच्या माणसाला हे पटवायला दूर जावं लागत नाही. महाराज सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतलं आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभं केलं. मध्यवर्ती ग्रंथालय इथे, गावोगावी छोटी वाचनालयं, आणि त्यांच्याकडे फिरत जाणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या. गावात पाटी लागली आणि पेटी पोचलीच नाही, तर पाटी नसलेली बरी. निदान वाचक दुसऱ्या गावी तरी चौकशी करेल. त्या मुलाला मी हेच सांगितलं, आणि तो पहिल्यांदा हसला.

१०.००

आता ठरलेली तपासणी. ही मी कधीच गाळत नाही, कारण दहातल्या सात वेळा उत्तर इथेच असतं. क्लस्टरचं नाव सगळीकडे अक्षरशः सारखं आहे का? आहे. आवृत्ती एकच? एकच. ऐकण्याचा पत्ता चुकून १२७.०.०.१, म्हणजे स्वतःपुरताच, राहिलाय? नाही. डेटाच्या फोल्डरमध्ये आधीच्या चाचणीचं काही उरलंय? रिकामं आहे. घड्याळं जुळतात? जुळतात. हे शेवटचं मी स्वतः पाहते, कारण एकाच नोंदीच्या दोन आवृत्त्यांपैकी नंतरच्या वेळेची खरी धरायची हा कॅसॅन्ड्राचा नियम आहे, आणि पुढे धावणारं घड्याळ लागलं तर जुनी नोंद नवीवर बसते.

रॅकचं नाव मुद्दाम जुनंच ठेवलंय. यंत्रं नव्या कपाटात आहेत म्हणून फाइलमध्येही नवा रॅक लिहिला असता, तर कॅसॅन्ड्राने प्रत्येक नोंदीची एक प्रत त्या रॅकमध्ये ठेवायचा प्रयत्न केला असता. पहिल्या नव्या यंत्रावर सगळ्या क्लस्टरची पूर्ण प्रत येऊन पडली असती.

७००० क्रमांकाचं पोर्ट उघडं आहे. पिंग, म्हणजे 'आहेस का?' एवढीच चाचणी, जातो. लॉगमध्ये मात्र तेच: कुठल्याही साथीदाराशी गॉसिप करता आलं नाही.

११.१५

गॉसिप हा शब्द इथे नेमका आहे. प्रत्येक नोड दर सेकंदाला एक ते तीन जणांशी बोलतो: कोण जिवंत आहे, कोणाकडे काय आहे. असं करत बातमी कर्णोपकर्णी सगळीकडे पोचते, मुख्य असा कुणी लागत नाही. ही रचना ॲमेझॉनच्या डायनॅमोवरून आली. तिथे काम केलेले अविनाश लक्ष्मण आणि त्यांचे सहकारी प्रशांत मलिक यांनी फेसबुकमध्ये कॅसॅन्ड्रा लिहिलं आणि २००८ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं.

पोर्ट उघडं आहे, पिंग जातो, मग हे बोलणं तुटतं कुठे? लॉग एकाच बाजूचं सांगतो. म्हणून नेटवर्कवरून काय येतं-जातं ते दाखवणारं टीसीपीडम्प दोन्हीकडे लावते, एक खिडकी नव्या यंत्राची, एक जुन्या सीडची. मुलाला म्हणते, "तू नव्याचं वाच, मी जुन्याचं वाचते. मोठ्याने."

तो वाचतो, "हाक गेली."

मी वाचते, "हाक आली. उत्तर पाठवलं." काही क्षण जातात. "तेच उत्तर परत पाठवलं. परत पाठवलं."

तो म्हणतो, "ताई, माझ्याकडे काहीच नाही आलं."

खोलीत थोडा वेळ कुणी बोलत नाही. मला या कामात सगळ्यात जास्त आवडतो तो हाच क्षण. अडचण गेलेली नसते, पण आता तिला जागा असते. नव्याची हाक इवलीशी असते, 'मी आलोय, कोण कोण आहात?' एवढीच. उत्तरात मात्र सहाही जणांची सगळी माहिती असते, कित्येक हजार बाइट्सची. लहान चिठ्ठी जाते. मोठं पाकीट वाटेत हरवतं.

१२.००

आमच्या सर्व्हरांवर नेटवर्कच्या एका पाकिटाची, म्हणजे पॅकेटची, कमाल मर्यादा ९००० बाइट्स ठेवलेली आहे. नेहमीची १५००. मोठी पाकिटं चालायला मधल्या प्रत्येक स्विचने ती मान्य करायला हवीत. तुकडे करायचे नाहीत अशी अट घालून मोठा पिंग पाठवते: ८९७२ बाइट्स, कारण २८ बाइट्स वेष्टणाला जातात. उत्तर नाही. १४७२ पाठवते. लगेच उत्तर.

दोन्ही टोकांचे सर्व्हर ९००० म्हणतात, म्हणून आपसात मोठ्याच पाकिटांचं ठरवतात. मधला स्विच १५०० वाला. तो मोठं पाकीट टाकून देतो आणि कुणाला कळवतही नाही. आणि रात्रभरात केलेला प्रत्येक साधा पिंग ५६ बाइट्सचा होता. तो खोटं बोलत नव्हता, त्याला विचारलंच तेवढं होतं.

१.१५

डबा. आईने वालाची उसळ दिलीय, मुलाने खालून सेव-उसळ आणलीय, दोन्ही मधे ठेवून खातो. नेटवर्क बघणाऱ्या भाईंना फोन लावते. "बेन, स्विच तो एकदम नवी छे," ते म्हणतात. "भाई, नवी आहे म्हणूनच," मी म्हणते. जुन्या कपाटांचे स्विच बसवताना त्यांनीच मर्यादा वाढवली होती. नव्या कपाटाचा स्विच मूळ मापावर राहिला. मी आकडे पाठवते, १४७२ चा आणि ८९७२ चा, शेजारी शेजारी. पाच मिनिटांत त्यांचा फोन येतो: बदलतो, पण स्विच बंद करून चालू करावा लागेल.

२.४०

स्विच परत आला. ८९७२ चा पिंग जातो. मुलगा तो तीनदा करून पाहतो. करू देते.

३.००

पहिलं नवं यंत्र सुरू. एकच. तिन्ही एकदम नाहीत. एक सामील होत असताना दुसऱ्याने शिरायचा प्रयत्न केला तर कॅसॅन्ड्रा त्याला नाकारतं आणि ते योग्यच आहे, कारण कुणाच्या वाट्याला काय येणार हे एका वेळी एकाच हिशेबाने ठरायला हवं.

अर्धं मिनिट आम्ही दोघंही स्क्रीनकडे बघत राहतो. पडत नाही. क्लस्टरची स्थिती दाखवणाऱ्या नोडटूल स्टेटसमध्ये सातवी ओळ येते: यूजे, म्हणजे चालू आहे आणि सामील होतोय. जुन्या सहांकडून डेटा वाहू लागतो. प्रत्येकाकडे सुमारे ४०० जीबी आहे, सात वाटेकरी झाले की नव्याला ३४३ च्या आसपास मिळतील. मुलाला घरी झोपायला पाठवते. तो जात नाही. पाचला जातो.

६.५०

यूजेचं यूएन झालं. आता हा पूर्ण सदस्य. नव्या यंत्रावरून मागच्या महिन्यातल्या काही नोंदी मागवून बघते. येतात, बरोबर येतात. जुन्या नोडांवर नव्याला दिलेला डेटा अजून पडून आहे. तो झाडून काढायचं काम तिन्ही आत आल्यावर, एकेका नोडवर. आज नाही.

तपासणीच्या यादीत एक ओळ वाढवते: मोठा पिंग, दोन्ही बाजूंनी, डेटाबेसला हात लावायच्या आधी.

७.१०

दुसरं यंत्र सुरू करते. आठवी ओळ. यूजे. घरी फोन करते, "आई, जेवून घे, मी दहापर्यंत येते." फोन ठेवते तोच मुलाचा निरोप: "ताई, दुसरं लावलं का?"