सड्याखालचे बॉक्साइट, सड्यावरची माणसे

राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांखाली बॉक्साइट आहे. त्याच जांभ्यात मुरलेले पाणी पायथ्याचे झरे जगवते. कडेला धनगरवाडे आहेत. प्रादेशिक योजना १९६६ च्या नगररचना कायद्याने होते, खाणपट्टा १९५७ च्या खनिज कायद्याने मिळतो. दोन खाती, दोन कागद. भरडले जाते गाव. अनुसूचित क्षेत्र नसल्याने पेसाचे कवच कोल्हापूरला नाही. २०१५ चा जिल्हा खनिज निधी येतो, तो खोदकाम सुरू झाल्यावर!

आमचा खनिजाला विरोध नाही. खनिज, झरे, गायरान, वस्ती एकाच नकाशावर दाखवा आणि तो आधी ग्रामसभेत वाचा. शाहू महाराजांनी राधानगरीला पाणी अडवले ते रयतेसाठी. भूमिहीनाच्या पायाखालचे गायरान कोणासाठी खोदता, एवढेच आम्ही विचारतो.