डोळ्यांखालचं काळं झाकताना

लग्नाचे फोटो हातात आले की एक गोष्ट हमखास दिसते. नवरीचा चेहरा नीट असतो, कारण तिच्यासाठी पार्लरवाली आलेली असते. मावशी, काकू, करवल्या मात्र घरीच बाथरूमच्या आरशासमोर घाईघाईत आवरलेल्या असतात आणि त्यांच्या डोळ्यांखाली दोन राखाडी चंद्रकोरी उमटलेल्या असतात. यावर बहुतेक जणी पुढच्या लग्नात कन्सीलर आणखी थोडा जास्त लावतात. ओल आलेल्या भिंतीवर चुन्याचा अजून एक हात मारावा तसा हा उपाय. डाग तिथंच राहतो, फक्त करडा दिसायला लागतो.

काळेपणा रंगाने मारायचा असतो, जाडीने नाही. हे एकदा लक्षात आलं की निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यात क्रम, थोडा धीर आणि आपल्या नगरची हवा येते.

सुरुवात ब्रशने करू नका. सकाळी धुतलेल्या चेहऱ्याने, हातात आरसा घेऊन खिडकीकडे तोंड करून बसा. डोळ्यांखालची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची, साऱ्या अंगावरच्या सगळ्यांत पातळ कातडीपैकी एक. त्यामुळे आतलं बरंच काही तिच्यातून दिसतं. खालच्या पापणीच्या बाहेर बोट टेकवा आणि कातडी अगदी हलकेच ताणा. निळसर-जांभळी छटा ताणल्यावर जास्त गडद वाटली, तर ती आतल्या रक्तवाहिन्यांची. तपकिरी रंग होता तसाच राहिला, नुसता पसरला, तर ते रंगद्रव्य आहे. ते बऱ्याचदा घराण्यातूनच येतं आणि डोळे चोळायच्या सवयीने वाढतं. आता हनुवटी वर करून उजेडाकडे बघा. काळं जवळजवळ नाहीसं झालं, तर ती डोळ्यांखालच्या खळगीची सावली होती. बहुतेकींच्या चेहऱ्यावर या तिन्हींची सरमिसळ असते, पण एक काहीतरी वरचढ असतंच. तेवढं ओळखायचं.

इथेच एक गोष्ट सांगून टाकते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. चेहरा फिका पडला की डोळ्यांखालचं काळं उठून दिसतं. दम लागणं, थकवा हेही सोबत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. ती तपासणी सरकारी दवाखान्यातही होते आणि एखाद्या बऱ्या कन्सीलरपेक्षा स्वस्त पडते.

आता रंग. रंगचक्रात निळ्याच्या समोर केशरी येतो आणि जांभळ्याच्या समोर पिवळा. समोरासमोरचे दोन रंग एकमेकांवर आले की दोघांचाही भडकपणा मरतो. म्हणून निळसर काळ्यावर आधी केशरीकडे झुकणारा करेक्टर लावायचा. रंग उजळ असेल तर फिकट पीच, गव्हाळ असेल तर पीच-केशरी, सावळा असेल तर सरळ गडद केशरी. सावळ्या मुलीने फिकट पीच लावला की डोळ्यांखाली पावडर सांडल्यासारखं दिसतं. जांभळट वर्तुळांना पिवळसर छटा चालते. तपकिरी काळेपणालाही पीच किंवा केशरी लागतो, पण तो पूर्ण झाकला जाईल ही आशा सोडा. खळगीच्या सावलीला करेक्टर लागतच नाही. तिथं त्वचेपेक्षा अर्ध्या छटेने उजळ कन्सीलरची बारीक रेघ, तीही नेमक्या खळगीत, पुरते.

करेक्टरऐवजी केशरी लिपस्टिक लावायची युक्ती बऱ्याच जणींना माहीत आहे. रंगाचं गणित त्यात बरोबर आहे. पण ओठांसाठीचे सगळे रंग डोळ्यांजवळ चालतातच असं नाही, आणि लिपस्टिकमधलं मेण उन्हात घसरतं. मी तरी ती वापरणार नाही.

या सगळ्यावर कन्सीलर, आणि तो आपल्या त्वचेच्याच रंगाचा. दोन छटा उजळ घेतला की राखाडी चंद्रकोरी ठरलेल्या, कारण उजळ छटांमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य जास्त असतं आणि काळ्यावर पांढरं पडलं की करडंच होतं. खरेदी कापड बाजारात करा नाहीतर सावेडीत, रंग हाताच्या मागच्या बाजूला लावून बघू नका. हात चेहऱ्यापेक्षा वेगळा रापलेला असतो. जबड्याच्या कडेला बोटभर लावा, दुकानाबाहेर उन्हात या, आणि पंधरा मिनिटं दुसरी खरेदी करून मग पुन्हा आरसा बघा. काही कन्सीलर हवा लागल्यावर गडद होतात. डबीवर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच आणि वापरायची मुदत छापलेली आहे ना, तेही बघून घ्या.

नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, आणि त्याची हवाही एक नाही. अकोले तालुक्यात घाटघरला पाऊस थांबायचं नाव घेत नाही, तर पाथर्डी, कर्जत, जामखेड पावसाच्या सावलीत कोरडे. पावसाळ्यात अकोल्याकडच्या लग्नाला गेलात, तर हवेतल्या ओलीने आणि घामाने कन्सीलर घसरतो. तिथं क्रीम नावापुरतं आणि पावडर थोडी जास्त. वैशाखात जामखेडला उलटं. कोरडी त्वचा कन्सीलरमधलं पाणी शोषून घेते, मागे राहिलेला रंग बारीक रेषांमध्ये साचतो आणि दुपारच्या मुहूर्तापर्यंत पंचविशीची मुलगी पस्तिशीची दिसायला लागते. तिथं आधी मॉइश्चरायझर हवं. ते लावून पाच मिनिटं थांबा, वर तरंगणारं टिश्यूने टिपून घ्या. ही पाच मिनिटं कुणी देत नाही आणि मग कन्सीलरला नावं ठेवली जातात.

घरचंच लग्न असेल, तर हळदीचा विचार आदल्या दिवशीच करावा लागतो. करवल्यांच्याही गालाला हळद लागतेच, आणि दुसऱ्या दिवशी पिवळ्या झालेल्या चेहऱ्यावर नेहमीचा कन्सीलर गुलाबी किंवा राखी दिसतो. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून साबणाने खसाखसा घासण्यापेक्षा खोबरेल तेल चोळून पुसा, मग चेहरा धुवा. उरलासुरला पिवळेपणा उजेडाने फिका पडतो. हळद लागणार हे माहीत असेल, तर डोळ्यांभोवती आधीच क्रीमचा पातळ हात फिरवून ठेवा.

क्रमाबद्दल मतं वेगळी असतात. माझं मत पक्कं आहे. आधी डोळे, मग कन्सीलर. आयशॅडोची भुकटी लावताना खाली सांडतेच, आणि ती ताज्या कन्सीलरवर पडली की पुसताना दोन्ही जातात. घरी करायला एकच रंग पुरे: त्वचेपेक्षा दोन छटा गडद, चमक नसलेला तपकिरी. ब्रश भुकटीत टेकवा, झटका, मग डोळा उघडा ठेवून, सरळ समोर बघत, भुवईचं हाड जिथं संपतं त्या खळगीत मागे-पुढे फिरवा. डोळा मिटून लावलं की रंग नेमका घडीत जातो आणि डोळा उघडल्यावर गायब होतो. लायनर वरच्या पापणीला, केसांच्या मुळाशी छोट्या छोट्या रेघा जोडत लावा. एका दमात लांब रेघ ओढायला जाल तर हात हमखास थरथरतो. कोपर टेबलावर टेका, करंगळी गालावर. पापण्यांचे केस वळवायचे असतील तर मस्काऱ्याच्या आधी. मस्कारा लावलेले केस चिमट्यात तुटतात. चष्मा असेल तर लक्षात ठेवा, मायनसच्या काचेतून डोळे लहान दिसतात, म्हणून लायनर थोडा ठळक चालतो. प्लसच्या काचेतून सगळं मोठं दिसतं, चुकीसकट.

आता काजळ. आपल्याकडे काजळ म्हणजे पापणीच्या आतल्या कडेला, हे इतकं ठरून गेलंय की दुसरीकडे लावायचं कुणाच्या मनातही येत नाही. त्याच कडेवर तेलग्रंथींची बारीक तोंडं रांगेने असतात. त्यांचं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं आणि डोळा कोरडा पडू देत नाही. तिथं लावलेलं मेणट काजळ ती तोंडं बुजवतं, अश्रूंत मिसळतं आणि पापणी मिटेल तसं खाली उतरत राहतं. संध्याकाळी डोळ्यांखाली जे काळं दिसतं, त्यातलं बरंचसं सकाळच्या काजळाचंच असतं. ज्यांची वर्तुळं मुळातच गडद आहेत त्यांनी खालची कड मोकळी ठेवून काजळ वरच्या पापणीच्या केसांत, बाहेरून, लावून बघावं. डोळा तेवढाच भरलेला दिसतो. खाली लावायचंच असेल, तर पापणीखाली आधी पावडर टिपा म्हणजे काजळाला घसरायला तेलकट जागा मिळत नाही. न उतरणाऱ्या काजळात उडून जाणारं एक द्रव्य असतं. ते उडालं की रंगाचा थर घट्ट बसतो. म्हणून लावल्यावर अर्धा मिनिट तरी डोळे घट्ट मिटू नका.

घरचं काजळ, एरंडेलाच्या दिव्यावर ताट धरून जमवलेली काजळी आणि त्यात तूप, अजूनही पुष्कळ घरांत होतं. त्यात मुख्यतः कार्बनच असतो. प्रश्न असतो तो बोटांच्या स्वच्छतेचा आणि वर्षभर तीच डबी वापरण्याचा. सुरम्याची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. पारंपरिक सुरमा ज्या चमकदार काळ्या खनिजापासून करतात ते शिशाचं सल्फाइड आहे. सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगं वापरायला भारतात बंदी आहे, तरी उरुसात, जत्रेत बिनलेबलाच्या पुड्या मिळतात. शिसं आहे की नाही हे घरी ओळखता येत नाही, म्हणून त्या घेऊच नयेत. बाळाच्या डोळ्यांत तर कसलंच काजळ नको. तीट गालाला लावा.

डोळे झाले की खाली सांडलेली भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, आणि आता करेक्टर. दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढा. अनामिका वापरा, तिचा दाब सगळ्यांत कमी असतो. नाकाजवळच्या आतल्या कोपऱ्यापासून, फक्त जिथं काळं आहे तिथंच, टिपत जा, चोळू नका. एक मिनिट थांबा. मग तेवढाच कन्सीलर, तोही टिपून, कडा ओल्या करून पिळलेल्या स्पंजने गालात मिसळा. काळं शंभर टक्के झाकायला जाऊ नका. ऐंशी टक्क्यांवर थांबलात तर तो चेहरा वाटतो. शेवटी वर बघा म्हणजे रेषा उघडतात, साचलेला रंग बोटाने उचला आणि लगेच अगदी थोडी पावडर टिपा.

कोणत्या उजेडात आणि किती अंतरावरून कुणी बघणार आहे, यावर सगळं ठरतं. तमाशाचंच बघा. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाची पवळा ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री मानतात. संगमनेरलाच स्थायिक झालेल्या कांताबाई सातारकर छत्रपती शिवाजी महाराजांसारख्या पुरुषभूमिकाही करत. मैदानातल्या शेवटच्या माणसाला भुवईची चाल दिसावी म्हणून तिथं रंग जाड, रेघ ठसठशीत. त्या कामाला तेच योग्य. जुन्या रंगमंचावर मुर्दाडशिंगासारखी शिसं असलेली द्रव्यंही तोंडाला फासली जात, त्याची किंमत नटनट्यांच्या कातडीने मोजली. मंगल कार्यालयात मात्र समोरच्या खुर्चीवरची विहीणबाई दोन फुटांवर असते. आणि मोबाइलचा कॅमेरा त्याहून जवळ. म्हणून निघण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत फ्लॅश मारून एक फोटो काढून बघा. सिलिका असलेली पांढरी पावडर आणि काही सनस्क्रीन फ्लॅशचा उजेड सरळ परत फेकतात. आरशात ते दिसत नाही, फोटोत दिसतं.

घरी आल्यावर कितीही थकला असाल तरी डोळे पुसून झोपा. न उतरणारं काजळ पाण्याने जात नाही, तेलाने जातं. कापसाच्या बोळ्यावर खोबरेल घ्या, मिटलेल्या डोळ्यावर वीसेक सेकंद नुसता धरून ठेवा, मग वरून खाली एकदाच ओढा. लेन्स वापरत असाल तर मेकअपच्या आधी घाला आणि मेकअप पुसण्याआधी काढा. काजळ आणि मस्कारा जावा-नणंदांमध्येही वाटून घेऊ नका. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ पसरली होती, तशा वेळी एक काजळाची कांडी घरभर संसर्ग फिरवायला पुरते. डोळे येऊन गेले असतील तर त्या काळात वापरलेलं सगळं टाकून द्या. मस्कारा एरवीही उघडल्यापासून तीन महिन्यांत बाद करायचा असतो. उघडल्याची तारीख नळीवरच पेनाने लिहून ठेवा. ब्रश आठवड्याला शाम्पूने धुवा आणि आडवे वाळत घाला. उभे ठेवले तर पाणी दांड्यात उतरतं आणि केस गळायला लागतात.