फंदीच्या पोवाड्यामागची तार

पोवाड्याचा जुना साज तीन वाद्यांचा: डफ, तुणतुणे आणि झांज. अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीने शाहिरांना पुन्हा मंच मिळवून दिला, पण त्यावर हा साज क्वचितच दिसतो. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडने त्याची जागा घेतली आहे, आणि त्याने पोवाड्याचे नुकसान होते.

संगमनेरचा अनंत फंदी (१७४४–१८१९) याच साजावर गायला. अहिल्यादेवींच्या सांगण्यावरून त्याने तमाशा सोडून कीर्तन धरले, अशी आख्यायिका आहे. १७९५ ची खर्ड्याची लढाईही संगमनेरच्याच जिल्ह्यातली, अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी ज्यात येते त्या जामखेड तालुक्यातली. तिच्यावर फंदीचा पोवाडा आहे. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये निघाले ते १८४२ साली. फंदीच्या कानावर पेटीचा सूर कधी पडलाच नाही.

तुणतुण्याची रचना साधी. एका बाजूने कातडे मढवलेले पोकळ नळकांडे, बाहेरून ठोकलेली काठी, वर खुंटी. कातड्याच्या मध्यातून निघालेली एकच तार खुंटीला ताणलेली असते. ती लाकडाच्या तुकड्याने छेडली की सूर आणि ठेका एकाच आघातात मिळतात. हेच या वाद्याचे मर्म. शाहिराला आधार फक्त षड्जाचा. चाल त्याच्या गळ्यातच राहते, म्हणून शब्द खेचता येतो, तोडता येतो, बोलण्याच्या अंगाने फेकता येतो. पेटी प्रत्येक स्वर आधीच ठरवून देते आणि गाणे तिच्यामागे चालू लागते. डफाचे कातडे दमट हवेत उतरते, ते शेकून चढवावे लागते. प्लास्टिकच्या पानाला ही कटकट नाही, पण कातड्याचा घुमाराही नाही.

आयर्लंडमध्ये जुने वाद्य मागे पडण्याचा हाच प्रश्न हार्पबाबत आला. १७९२ मध्ये बेलफास्टला जुने हार्पवादक जमले. नव्वदी ओलांडलेला डेनिस हेम्पसन पितळी तारा नखांनी छेडत होता. तरुण ऑर्गनवादक एडवर्ड बंटिंगने तिथल्या चाली टिपून घेतल्या. आज त्या जुन्या हार्पच्या प्रतिकृती घडवून त्याच चाली वाजवल्या जातात.

मराठीत अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाडे छापले, पण शब्दच. चाली गळ्यातून गळ्यात आल्या. मात्र वाद्ये शाबूत आहेत. पुण्याच्या केळकर संग्रहालयात वाद्यांचे स्वतंत्र दालन आहे, आणि तुणतुणे तर गोंधळ्यांच्या हातात आजही वाजते. खर्ड्याचा पोवाडा जुन्या अंगाने उभा करायला डफावर शाहीर आणि मागे तुणतुणे-झांज घेतलेले दोन झीलकरी, एवढी माणसे पुरतात.