मधल्या मुक्कामाचे घर

व्यसन सुटले की माणूस सुटला, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. दारू एकाएकी बंद केल्यावर हातांना कंप सुटतो, झोप उडते, काहींना झटके येतात, भ्रम होतो. हा त्रास बहुधा आठवड्या-दहा दिवसांत ओसरतो व त्यासाठी डॉक्टरच लागतो. मनातली ओढ मात्र महिनोन्‌महिने दबा धरून बसलेली असते. उपचार संपवून माणूस गावी परततो तेव्हा तोच पार, तेच सोबती आणि तीच उधारी त्याची वाट पाहत असते. कित्येकांना तर परतायला घरच उरलेले नसते.

आमच्या वाडीतील नात्यातले एक काका पुण्यास उपचार घेऊन आले. दीड महिना त्यांनी थेंबाला स्पर्श केला नाही. परंतु घरात त्यांच्यावर कोणाचाच विश्वास नव्हता. जेवणाचे ताट गोठ्याशेजारच्या खोलीत सरकवले जाई. कांद्याची पट्टी हाती आली त्या दिवशी ते पुन्हा प्याले. हा केवळ त्यांच्या निश्चयाचा पराभव होता, असे मला वाटत नाही. दवाखाना आणि घर यांच्यामध्ये त्यांना एकही मुक्काम मिळाला नव्हता.

असा मुक्काम ही आपल्या मातीला अपरिचित कल्पना नाही. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी येथील लेण्यांत कोरलेल्या खोल्या भिक्षूंच्या निवासासाठी होत्या. पावसाळ्यात भिक्षूंनी एका ठिकाणी राहावे, अशी वर्षावासाची प्रथा होती. त्या लेण्यांना यवनांनीही दाने दिल्याचे शिलालेख जुन्नरला आहेत. पुढे वारकरी पंथाने माळेचे बंधन दिले. तुळशीची माळ घातली की मद्य व मांस वर्ज्य. या बंधनाचे बळ एकट्याच्या शपथेत नाही, ते दिंडीच्या सोबतीत आहे.

गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) ही सोबत विटा-मातीत उभी केली. कीर्तनातून दारू, कर्ज आणि पशुबळी यांवर ते कोरडे ओढीत. मिळालेल्या पैशातून त्यांनी देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या गरीब रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना उपचारकाळात आसरा देते. निवारा, स्वच्छता व नेमस्त दिनक्रम हाच त्यांचा धर्म होता.

आता आपल्या तालुक्याशी संबंध असलेले एक उदाहरण. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी जेथे आहे, त्या ओतूरचेच डॉ. अनिल अवचट. गर्दच्या व्यसनावर त्यांनी लिहिले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचे पाठबळ त्यास लाभले. मुक्तांगण कोणत्याही धर्माचे नाही. तरीही तेथे एकत्र राहणे, ठरलेली कामे करणे आणि आपली कहाणी इतरांसमोर सांगणे यांना औषधाइतकेच महत्त्व आहे. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चा मार्गही असाच. तिचा उगम एका धार्मिक चळवळीत झाला, पण परमेश्वर कसा मानावा हे तिने ज्याच्या त्याच्यावर सोपविले.

येथेच श्रद्धेच्या आधाराची मर्यादा ध्यानी येते. छप्पर देणाऱ्याने भजनाची सक्ती केली, तर निराश्रिताला नकार देण्याचे स्वातंत्र्य कुठे उरते? अंगारा देऊन औषध बंद केले, तर झटके येऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून प्रथम डॉक्टर, मग मुक्काम. आणि त्या मुक्कामात प्रार्थनेचे दार उघडे असावे, पण उंबरठ्यावर जात-धर्म विचारला जाऊ नये.

कायदाही याच बाजूचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकारांचा मानसिक आजारात समावेश केला व उपचारांनंतरच्या अशा मधल्या निवासांची सोय शासनाच्या जबाबदारीत घातली. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दर लाख नागरी लोकसंख्येमागे शंभर जणांचा निवारा असे प्रमाण होते. जुन्नर, घोडेगाव, मंचर यांची लोकसंख्या लाखाच्या जवळपासही नाही. मग वाड्या-वस्त्यांची गोष्टच नको.

यास उपाय फार खर्चाचा नाही. आपल्याकडील एखाद्या मठात वा धर्मशाळेत चार-पाच खोल्या, ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांची ठराविक भेट, शेतावर वा रोपवाटिकेत रोजचे काम आणि पूर्वी यातून बाहेर पडलेला एखादा अनुभवी माणूस, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. पैशाचा व्यवहार पहिले काही महिने विश्वासू व्यक्तीच्या हाती राहावा, पण हिशेब त्याच्यासमोर व्हावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या आपल्या शिबिरांत आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. पुढच्या शिबिरात असा एक मुक्काम शोधून त्याच्या भिंतींना चुना लावायला काय हरकत आहे?