रेडा, माग आणि कामगंध सापळा

पैठणचा नागघाट ओळखला जातो तो एका रेड्यामुळे. शुद्धिपत्र मागायला आलेल्या चार भावंडांना ब्रह्मवृंदाने हिणवलं, ज्ञानदेवांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि रेडा वेद म्हणू लागला. ही कथा मराठी घरात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. तिचा रोख सर्वांभूती एकच आत्मा आहे यावर. पण तिच्यातली एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. रेड्याच्या तोंडून बिनचूक वेद आले, तरी रेडा वेदज्ञ झाला असं कुणी म्हटलं नाही. श्रेय गेलं ते मस्तकावरच्या हाताला. (जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी रेड्याची समाधी मात्र आहे.)

यंत्राला ज्ञान असू शकतं का, या आजच्या वादाची निम्मी मांडणी या कथेत होऊन जाते. ॲलन ट्युरिंग यांनी 1950 साली सुचवलं, की यंत्राची उत्तरं माणसाच्या उत्तरांपासून वेगळी ओळखू येत नसतील, तर ते विचार करतं की नाही यावर काथ्याकूट कशाला? 1980 मध्ये जॉन सर्ल यांनी उलट बाजू लढवली. बंद खोलीतला माणूस नियमांच्या पुस्तकात पाहून चिनी चिठ्ठ्यांना चिनीत अचूक उत्तरं देतो. बाहेरच्यांना वाटतं, आत चिनीचा जाणकार बसला आहे. प्रत्यक्षात आतल्या माणसाला चिनीचं अक्षरही कळत नसतं.

आपल्याकडे हे भांडण माणसांबद्दलच आधी झालं होतं. वेद पाठ असून अर्थ न जाणणाऱ्याला यास्कांनी निरुक्तात भार वाहणारा खांब म्हटलं आहे. पण ज्यांनी अर्थाची फारशी पर्वा न करता शब्दांचा क्रम उलटसुलट फिरवत घनपाठ सांभाळला, त्यांच्यामुळेच चूक शिरली की लगेच पकडली जाई. बिनचूक साठवण हे ज्ञान नसेल, पण ज्ञान तिच्याच आधाराने टिकतं. संगणकाच्या स्मृतीला नाक मुरडणाऱ्यांनी हे विसरू नये.

छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूचं उदाहरण आणखी बोलकं आहे. सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं हे कापड. त्याची वेलबुट्टी विणकराला दर वेळी आठवावी लागत नसे. ती मागावरच्या दोऱ्यांच्या जाळ्यात आधीच बांधलेली असे. कोणत्या ओळीला कोणते दोरे उचलायचे, हे जाळंच ठरवी. फ्रान्समध्ये जोसेफ जॅकार्ड यांनी 1804 च्या सुमारास हेच काम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवलं. चार्ल्स बॅबेज यांनी ते पुठ्ठे आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी उचलले. त्या यंत्रावरच्या 1843 च्या टिपणांत एडा लव्हलेस यांनी मागाचीच उपमा वापरली आणि बजावलं, की हे यंत्र स्वतःहून नवं काही निर्माण करण्याचा दावा करत नाही. संगणकाच्या कुळाचा एक धागा असा विणकरांच्या घरात जातो.

आणि पारखही विणकरांकडूनच घ्यावी. अस्सल हातमागाची पैठणी घेणारी बाई पदर उलटा करून पाहते. मोर मागच्या बाजूनेही तसाच नेटका दिसतो. नकलेच्या पाठीवर मोकळे दोरे लोंबतात. उत्तर बरोबर आलं, एवढ्यावर ज्ञानाचं प्रमाणपत्र द्यायचं नसेल, तर त्याची पाठ पाहिली पाहिजे.

स्टॅनफर्ड विद्यापीठात 1970 च्या दशकात तयार झालेली ‘मायसिन’ प्रणाली या कसोटीला बरीचशी उतरत होती. रक्तातल्या जंतुसंसर्गावर औषध सुचवणाऱ्या या प्रणालीत सुमारे सहाशे नियम होते, आणि ‘हे का विचारतोस?’ असं डॉक्टरने म्हटलं, की ती नेमका नियम दाखवी. रोजच्या उपचारात ती कधी आली नाही, ही गोष्ट वेगळी. आजची गप्पिष्ट प्रणाली अफाट मजकुरावर शिकून पुढचा शब्द कोणता, याचा अंदाज बांधत जाते. तिला ‘का?’ विचारा, ती कारणही तितक्याच सफाईने रचून देईल. उत्तर त्याच कारणातून निघालं असेल याची खात्री नाही. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात दाखल केले. पाच हजार डॉलरचा दंड वकिलांना आणि त्यांच्या कार्यालयाला झाला. पैठणात श्रेय हाताला गेलं होतं, इथे दोष हाताला गेला.

न्यायदर्शन याबाबत चोख आहे. दुसऱ्याच्या शब्दातून ज्ञान मिळू शकतं, पण तो सांगणारा आप्त हवा: विषय स्वतः जाणणारा आणि जाणलं तसं सांगण्याची इच्छा असणारा. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनांनी तर ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना ही एकच व्याख्या लावली. यंत्रालाही लावायला हरकत नाही. गप्पिष्ट यंत्र त्यात नापास होतं, कारण खरं सांगण्याची किंवा खोटं टाळण्याची त्याला स्वतःची गरजच नाही.

पण सगळी यंत्रं एका मापाने मोजू नयेत. मराठवाड्यातल्या कपाशीवर गुलाबी बोंडअळी येते, तेव्हा गंधाच्या आमिषाने पतंग पकडणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ झाली, असा कृषी शास्त्रज्ञांचा ठोकताळा आहे. मुंबईच्या वाधवानी एआय संस्थेच्या ‘कॉटनएस’ या ॲपमध्ये शेतकरी सापळ्यातले पतंग कागदावर ओतून त्यांचा फोटो काढतो आणि ॲप ते मोजून सल्ला देतं. ते वेद म्हणत नाही, कविता करत नाही. पण त्याचा आकडा शेतकऱ्याला तिथल्या तिथे बोटाने मोजून पडताळता येतो, सल्ल्यामागचा नियम उघड असतो, आणि तो नियम ठरवणारी माणसं विद्यापीठात भेटतात. ज्ञान हा शब्द यंत्राला द्यायचाच असेल, तर वाचाळ यंत्राच्या आधी या पतंग मोजणाऱ्या यंत्राचा हक्क लागतो. अर्थात सलग तीन रात्री सापळा शेतात लावून ठेवण्याचं काम अजून शेतकऱ्याकडेच आहे, आणि त्याने एक रात्र चुकवली तर ॲपला ते आपण होऊन कळणार नाही.